बकऱ्यांचं मीठ

नातीने ओठ घट्ट मिटले होते. तळहातावर मीठ घेऊन मी तिच्यापुढे बसले होते आणि ती मान हलवून दातांआडून एवढंच म्हणत होती, "आजी, आज शनिवार हाय." पोटऱ्यांत गोळे येऊन तिचे पाय आखडले होते. दोनदा ओकली, तर नुसतं पाणी पडलं. मध्येच मला आई समजून बोलत होती. वर दुपारचं ऊन, खाली तापलेला मुरूम, आणि सातपुड्याच्या त्या टेकडीवर पूनम, मी आणि एक अनोळखी बकऱ्यावाला.

हे मीच ओढवलं होतं. पूनम डोंगरातल्या लांब शर्यती पळते. मागच्या वर्षी तिचा गुडघा गेला, तेव्हा मी मारुतीला नवस बोलले की, पोरगी पन्नास किलोमीटरची शर्यत पुरी करेपर्यंत आम्ही दोघी शनिवार अळणी धरू, मिठाला शिवणार नाही. तिला विचारलं नाही. गुडघा बरा झाला आणि शर्यत नेमकी शनिवारी आली. पहाटे तिने विचारलं, "आजी, पळताना मिठाचं पाणी प्या लागते. आज घेऊ काय?"

"इतके शनिवार पाळले, आता शेवटच्या दिवशी मोडतं काय वं?" मी म्हटलं.

तिने मिठाच्या पुड्या पिशवीतून काढून ओट्यावर ठेवल्या. मी चौथी शिकलेली, पण जन्मभर शेतात राबलेली बाई. घाम वाळल्यावर लुगड्यावर उठणारे मिठाचे पांढरे डाग मी काय कमी पाहिले? तरी बोलले.

वरवट बकाल गावच्या आम्हा बायकांना शर्यतीच्या वाटेवर पाणी द्यायला बसवलं होतं. माझी जागा टेकडीवर, मारुतीच्या दगडाजवळच्या निंबाखाली. होळी नुकतीच झालेली, पण ऊन वैशाखाचं. पूनम आली ती झोकांड्या खात. तांब्यामागून तांब्या पाणी प्याली आणि जेवढं प्याली तेवढी बिघडत गेली. फोन लागेना. मागून आलेल्या एका पळणाऱ्याला मी निरोप देऊन खाली पिटाळलं. मग मारुतीकडे वळले. तुझाच उपास धरून पोरगी पडली, असं त्याला तोंडावर सुनावलं.

तेवढ्यात पाण्याच्या वासाने बकऱ्या आल्या आणि त्यांच्यामागे हा माणूस. त्याने पूनमकडे एकदा पाहिलं, माझी घागर उचलून तिच्या अंगावर ओतली आणि मला ओल्या पदराने वारा घालायला लावलं. मग झोळीतलं खड्याचं मीठ दगडावर ठेचलं. बकऱ्यांना चाटवायला ठेवतो म्हणाला. मी उपासाचं सांगितलं.

"हनुमान काय मीठ मोजत बसला काय वं माय?" तो म्हणाला. "माह्या बकरीले समजते काय चाटा लागते. तुमाले काऊन समजत नाई?"

पण पूनम ओठ उघडेना. नवस माझा होता, ती तो माझ्यासाठी जपत होती. शेवटी मी तिच्यादेखत, मारुतीसमोर, ते मीठ स्वतःच्या जिभेवर ठेवलं.

"हे पाह्य, म्या नवस मोडला. दोष माह्यावर. आता तू घे."

तेव्हा तिने तोंड उघडलं. आधी चाटवलं, मग घोटभर पाण्यात कालवून थोडं थोडं दिलं. तासाभराने गाडी आली तेव्हा ती मला आई नाही, आजीच म्हणत होती. दवाखान्यात दोन दिवस ठेवली. पाणी जास्त आणि मीठ कमी झालं होतं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या गडबडीत बकऱ्यावाला निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. बकऱ्यावाला होता. पण मी देवाशी भांडत होते आणि मीठ त्याच्या दगडापाशी चालत आलं, एवढं मी पाहिलं. देवाला द्यायचं म्हणजे हट्टाने धरून ठेवायचं, असं मला जन्मभर वाटलं. त्या दिवशी हट्ट त्याच्यापुढे सोडला आणि तोच त्याने ठेवून घेतला. आता शनिवारी मारुतीला चिमूटभर मीठ वाहते, घरी येऊन वरणातही घालते. मला बरं वाटतं.

शर्यत पुरी झाली नाही. पूनम जगली.