होडीच्या फळ्यांची खिडकी

कोपरीच्या त्या सुताराला मी एकदाच पाहिले. आईचे पाय गेले होते आणि वैद्यांनी तिला हलवायला मनाई केली होती. आमच्या ठाण्याच्या माजघरात दुपारीही दिवा लागे. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक होत्या. आईला मात्र माहेरची, कल्याणची खाडी हवी होती.

सुताराने भिंतीला तळहात लावून विचारले, "कल्यान कंच्या अंगाला?" मी दाखवलेल्या अंगाच्या भिंतीवर त्याने मोडक्या होडीच्या फळ्यांची खोटी खिडकी ठोकली. कडीही बसवली.

"भिंतीला कडी?" वडील हसले.

"आये, दिसाचा काय नाय," तो आईला म्हणाला. "पन वास येल."

पुढे आई रोज संध्याकाळी कडी काढायला लावी. झडपांमागे चुन्याची भिंत असे. ती डोळे मिटून म्हणे, "भरती आली वाटतं."