उरल्यासुरल्याचा रंग

शहरातली निम्मी घरं रंगाऱ्याच्या हाताखालून गेली होती, पण लोक त्याला ओळखायचे ते एकाच रंगावरून. प्रत्येक कामाचा उरलासुरला रंग तो दारामागच्या पिंपात ओतायचा. निळा ओता, पिवळा ओता, बाळाच्या खोलीचा गुलाबी ओता. काठी फिरवली की वर यायचा तो मातकटच. पिंप सगळं गिळायचं आणि ढेकरही द्यायचं नाही.

हा रंग तो जिन्यांना, बोळांना, भाड्याच्या खोल्यांना फासायचा. घरमालक खूश. मळ दिसत नाही, डाग दिसत नाही. "काहीच दिसत नाही, हाच त्याचा गुण," रंगारी हसायचा. मातकट हा शब्द लोक कपड्यांना लावतात, चेहऱ्यांना लावतात, एखाद्याच्या अख्ख्या आयुष्यालाही लावतात. त्याला तो कधी शिवी वाटला नाही.

मग त्याने स्वतःची खोलीही रंगवली.

"जगाला रंग आणि घरात चिखल!" बायको म्हणाली, पण हसत.

आधी फसली त्याची बहीण. भर दुपारी आली, पंख्याखाली टेकली आणि म्हणाली, "दादा, वहिनी कुठं गायब?"

"अहो वन्सं, तुमच्यासमोर भाजी निवडतेय की!" भिंतीला टेकलेली बायको म्हणाली. तिघंही पोट धरून हसली. बहीण मात्र चहा न घेताच उठली.

पुढे रंगाऱ्यालाही तिला शोधावं लागू लागलं. आधी तिच्या साडीचा हिरवा गेला, मग केसांचा काळा. एकदा तिच्या हातात द्यायला ताट पुढे केलं, ते फरशीवर आदळलं.

आणि एका सकाळी, दार सताड उघडं, खोलीत लख्ख ऊन, तरी ती दिसेना. त्याने जुना रंग काढायचा पत्रा उचलून भिंत खरवडायला घेतली. खपल्या पडल्या. खाली चुना नव्हता, तोच रंग होता. त्याखाली पुन्हा तोच. त्याने तर एकच हात दिला होता.

"अगं, आहेस कुठं? बोलत राहा!"

"खिडकीपाशी," ती अगदी जवळून म्हणाली. "तुम्हीच दिसत नाही मला, कधीपासून. आवाजावरून वाढते तुम्हाला. वाटलं, माझेच डोळे गेले."

त्याने खाली पाहिलं. पत्रा दिसत होता. तो धरणारा हात दिसत नव्हता.

चाचपडत त्याने तिचं मनगट शोधलं, घट्ट धरलं, आणि दुसऱ्या हाताने खरवडत राहिला.