निळी गाडी, एकटीच

तो मंगळवार आठवला की आजही मला हसू येतं, आणि ते आधी माझं मलाच येतं.

न्यू मेक्सिकोत, टेक्सासच्या सीमेलगतच्या एका गावात मी पोलीस सार्जंट होतो. टेक्सासमध्ये गर्भपाताला बंदी, आमच्याकडे मुभा. त्यामुळे गावातल्या खासगी क्लिनिकसमोर दर मंगळवारी बाहेरच्या गाड्या उभ्या असायच्या. त्या दिवशी मॅनेजरबाईंचा फोन आला, "एक म्हातारी महिनाभर गाड्या बघून वहीत लिहितेय. नंबर टेक्सासला कळवत असणार. पेशंट घाबरून आत येईनात."

माझ्या सहकाऱ्याने तिला वहीसकट ठाण्यात आणलं. "सर, कोड आहे," तो म्हणाला. मी वही उघडली. कोड कसला डोंबलाचा, माझ्याच मराठीतलं स्वच्छ अक्षर होतं.

बाई नागपूरच्या निवृत्त शिक्षिका, मुलाकडे राहणाऱ्या. मी आवाज चढवला.

"काकू, गाड्यांचे नंबर कशाला टिपता?"

"नंबर कोण टिपतंय? वाच की नीट."

'लाल गाडी, दोघं. पांढरी, तिघं, तिखट कमी.'

"दुरून आलेल्यांना जेवलात का विचारलं, की हो म्हणतात आणि उपाशी राहतात," काकू म्हणाल्या. "म्हणून माणसं मोजते आणि मागच्या मोटेलवर तेवढे डबे ठेवते. वरणभात, तूप. हा काय गुन्हा झाला?"

मी पुढे वाचलं. खाली शेवटची ओळ होती: 'निळी गाडी, एकटीच. सकाळपासून उतरली नाही.'

मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन. क्लिनिकचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत आणि तीनला परत निघत. काकूंना घेऊन मी तसाच निघालो.

निळ्या गाडीत टेक्सासमधल्या अर्विंगची एक आयटीवाली मुलगी होती. माझा युनिफॉर्म पाहून तिने काच वर केली. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहून काकूंनी मला बाजूला सारलं.

"उतर गं बाई. हा आपलाच आहे."

मराठी ऐकून ती रडायलाच लागली. पोटातलं बाळ जगणार नव्हतं. तिकडचे डॉक्टर कायद्यामुळे हात लावायला तयार नव्हते. नवरा व्हिसा स्टॅम्पिंगसाठी पुण्यात अडकलेला.

"काकू, माझा नंबर लिहिलात ना तुम्ही?"

"नाही गं. तू जेवली नाहीस, एवढंच लिहिलंय. आधी आत जा, मग जेव."

ती आत गेली तेव्हा अडीच वाजले होते. संध्याकाळी मोटेलवर तिने दोनदा भात मागून घेतला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मीही पान मांडून बसलो. संशयिताच्या हातचं जेवायची माझी ती पहिलीच वेळ.

चौकशीत आवाज चढवण्याआधी समोरच्या माणसाचं म्हणणं पुरतं वाचावं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीने शिकवलं नव्हतं, ते त्या वहीने शिकवलं.

वर्षभराने ती निळी गाडी ठाण्यासमोर थांबली. मुलगी नवऱ्याला घेऊन डबा परत करायला आली होती. डबा बेसनाच्या लाडवांनी भरलेला. मी काकूंना बोलावून घेतलं. त्यांनी पिशवीतून वही काढली, 'निळी गाडी, दोघं' असं लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"पंच म्हणून सही कर."

मी केली.