ओठांचे धडे, टपालानं

अकोल्याच्या स्टेशनावर गाडी हलली तशी बाबा डब्यासोबत चालत ओरडले, "पोचल्याबरोबर कागद धाडजो बाई! अन् पोटभर जेवत जाजो!" अख्खा डबा वळून पाहायला लागला. नवीन लग्न, शेजारी हे बसलेले. मी पदरात तोंड लपवलं. जुन्या शहरातल्या माझ्या बायांनो, आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, लाज तिथूनच सुरू झाली.

बाबा कापसाच्या जिनात कामाला होते. दिवसभर यंत्रांचा खडखडाट. त्यांचे कान गेले आणि आवाज चढला. त्यांच्याशी बोलायचं म्हणून आमचं सगळं घरच ओरडून बोलायचं. त्यामुळे मला कमी ऐकू येतं हे मलाच माहीत नव्हतं! ते कळलं पुण्यात. तिथं माणसं भांडतातसुद्धा हळू. सासूबाई आतून हाका मारायच्या आणि मी आपली भाजी निवडत बसलेली. "वऱ्हाडातली आहे ना, जरा शिष्टच," असं त्या शेजारणीला म्हणाल्या म्हणे. शिष्ट! आणि मी?

डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. त्यांनीच मुंबईच्या एका संस्थेचा पत्ता दिला. ती संस्था ओठ वाचायचे धडे टपालानं पाठवायची. समोर उजेडात माणूस बसवायचा, त्यानं आवाज न काढता बोलायचं आणि आपण ओठांवरून ओळखायचं. हे ऑफिसातून आले की खिडकीपाशी बसायचे, बिचारे. सासूबाई आधी हसल्या, मग त्याही माझ्याकडे तोंड करून बोलायला लागल्या. माझं बरं चाललं.

माहेरी मात्र अक्षरानं कळवलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न अडेल, हे सांगायचं कारण. खरं वेगळंच. ते धडे माझ्याहून बाबांना हवे होते, पण पाठवले असते तर मीही त्यांच्यासारखीच बहिरी, हे कबूल करावं लागलं असतं.

मग बाबा पुण्याला आले. चाळीच्या गॅलरीतून त्यांनी अशी हाक मारली की शेजारी दारात आले. मी त्यांच्या कानाशी जाऊन चिडून म्हटलं, "हळू बोला! मला आता ओठांवरून कळतं."

ते बघतच राहिले. "तुले कवापासून आयकू येत नाई?" आणि मग खाली मान घालून, "मीच देल्लं का वं तुले हे?"

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ते परत गेले.

दिवाळीला मी धडे घेऊन अकोल्याला गेले. त्यांना ओट्यावर समोर बसवलं. "बुढ्या पोपटाले राम राम शिकवतं का वं?" म्हणाले, पण बसले. पानी, भाकर असे सोपे शब्द झाले. मग मी आवाज न काढता म्हटलं, "बाबा, मले तुमची लाज वाटे."

त्यांनी हसून मान डोलावली. "समजलं, समजलं! पुढचं सांग."

समजलं होतं, की मला वाईट वाटू नये म्हणून मान हलवली? तशी खोटी मान मी पुण्यात किती हलवली आहे! पुन्हा म्हणायचं तर ओरडून म्हणावं लागलं असतं, आणि शेजारच्या ओट्यावर बाया गहू निवडत बसल्या होत्या. तिथंही लाजच आडवी आली. मी पुढचा शब्द घेतला.

आता कुणी माहेर विचारलं की तो ओटाच आठवतो. आज मी ते वाक्य गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडून सांगेन. पण समोर बसायला बाबा नाहीत.