वेंडलच्या फ्रीजवरचा स्कॅनर

वेंडल स्ट्रोप माझा शेजारी. आयुष्य धान्याच्या कोठारावर घालवलेला, हट्टी, एका कानाने ठार बहिरा. आणि अशा माणसाला छंद कसला, तर ऐकायचा. फ्रीजवर स्कॅनर, म्हणजे सरकारी गाड्यांचं बोलणं पकडणारा रेडिओ, ठेवलेला आणि आमच्या ओहायोतल्या जिल्ह्याचे पोलीस, बंबवाले, रुग्णवाहिका, सगळ्यांचं बोलणं दिवसभर घरात चालू. नोरीन, त्याची बायको, मला म्हणायची, "लोर्ना, माझं एक ऐकत नाही हा, त्या डब्याचं मात्र सगळं ऐकतो."

त्याच डब्याने घात केला. सहा वर्षांपूर्वी नोरीनच्या छातीत कळ आली, तर या शहाण्याने नऊ-एक-एकला, तातडीच्या मदतीच्या नंबराला, फोनच केला नाही. का? तर गावची एकुलती एक रुग्णवाहिका हायवेवरच्या अपघाताला गेलीय, हे त्याने दहा मिनिटांपूर्वी ऐकलं होतं. नोरीनला ट्रकमध्ये घातलं आणि स्वतःच निघाला. अपघात किरकोळ होता. गाडी तेवढ्यात परत येऊन आमच्या चौकात उभी होती, पण ते सांगितलं गेलं तेव्हा स्कॅनर दुसऱ्या चॅनेलवर फिरत होता. नोरीन वाटेतच गेली.

त्या दुपारी नऊ-एक-एकचे फोन घ्यायला कोण बसलं होतं, तर मार्ला, यांचीच मुलगी. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवत असताना ती बापासमोर येऊन उभी राहिली. "मी तिथेच बसले होते, डॅडी. एक फोन करायचा होतास." एवढं बोलली आणि त्यानंतर तिने बापाशी बोलणं टाकलं.

वेंडलने तिचा आवाज मात्र सोडला नाही. रेडिओवरून गाड्या पाठवायचं कामही तिचंच, त्यामुळे दुपारी दोनला तिची पाळी लागली की हा टोमॅटो सूपचा वाडगा घेऊन फ्रीजखाली बसायचा.

"आज सर्दी झालीय तिला," मला सांगायचा. किंवा, "आज खुशीत आहे पोरगी."

"लेकीवर अशी पाळत ठेवतोस, लाज वाटत नाही?"

"पाळत कसली? रेडिओ ऐकतोय," म्हणायचा.

मग जिल्ह्याने नवी डिजिटल यंत्रणा आणली. वेंडलने नवा स्कॅनर मागवला, पण त्यातून मार्ला बोलायची ती तुटक, पाण्यात बुडाल्यासारखी. यावर याचा उपाय काय, तर छपरावर आधीपेक्षा उंच अँटेना. आवाज आणखी फाटला. कारण तेच बोलणं रेडिओच्या तीन मनोऱ्यांवरून एकाच वेळी सुटतं. पोलिसांचे रेडिओ ते नीट जुळवून घेतात, दुकानातला स्कॅनर गोंधळतो. अँटेना जितकी उंच, तितके तिन्ही मनोरे जोरात. शेवटी कुणीतरी युक्ती सांगितली. वेंडलने अँटेना काढली, तिच्या जागी कागदाला लावायची टाचणी खोचली आणि स्कॅनर तळघरात कपडे धुण्याच्या यंत्रामागे नेला. तिथे एकच मनोरा पोचत होता. मार्ला स्वच्छ ऐकू आली आणि हा बाबा यंत्राला टेकून रडला. मला त्याचा राग यायचा, पण त्या दिवशी आला नाही.

या जानेवारीत तेही संपलं. एक तारखेपासून जिल्ह्याने सगळं बोलणं सांकेतिक करून कुलूपबंद केलं. पोलिसांच्या सुरक्षेसाठी, म्हणे. स्कॅनरच्या पडद्यावर चॅनेलचा आकडा उमटायचा, म्हणजे कुणीतरी बोलत असायचं, पण आवाज नाही. वेंडल स्कॅनर पुन्हा फ्रीजवर ठेवून त्या आकड्याकडे बघत बसायचा. जेवण सुटलं त्याचं.

दहाव्या दिवशी मी ओव्हनमध्ये भाजलेल्या नूडल्सचा कॅसरोल घेऊन गेले. घड्याळात अडीच वाजले होते. माझ्यादेखत त्याने फोन उचलून नंबर लावला. बहिरेपणामुळे त्याचा फोन कायम मोठ्या आवाजावर असतो.

"नऊ-एक-एक. मदत कुठे पाठवायची?" मार्लाच होती.

त्याने पत्ता सांगितला. ती त्याच घरात वाढलेली.

"काय झालंय तिथे?"

"मार्ला, मी..."

"सर, कुणी आजारी आहे का? आग लागलीय का?"

"नाही. तुझा आवाज येत नव्हता, म्हणून..."

मला पुढे होऊन फोन काढून घ्यावासा वाटला, पण हातात कॅसरोल होता. पलीकडून ती अगदी हळू म्हणाली, "म्हणजे फोन करता येतो तुम्हाला."

आणि लाइन बंद झाली.

असा फोन आला की माणूस पाठवावाच लागतो, नियम आहे. वीसेक मिनिटांत एक तरुण पोलीस दारात आला. बिचारा मऊ बोलत होता. "आजोबा, ही लाइन संकटासाठी आहे. पुन्हा असं केलंत तर मला गुन्हा नोंदवावा लागेल." तेवढ्यात त्याच्या खांद्यावरचा रेडिओ बोलला.

"तिथे सगळं ठीक आहे?" मार्लाचा आवाज. जड, पण स्वच्छ, मधे कुठे तुटत नव्हता.

"ठीक आहे. म्हातारे एकटेच असतात, बाकी काही नाही."

"बरं. मग निघा तिथून."

वेंडल त्या पोराच्या खांद्याशी ऐकू येणारा कान नेऊन वाकला होता. पोरगा संकोचून मागे सरला आणि गाडीकडे चालू लागला. वेंडल नुसत्या मोज्यांवर बर्फातून त्याच्यामागे गेला, गाडीची काच वर होईपर्यंत. मी त्याला दंडाला धरून आत आणलं, ओले मोजे काढले.

"सर्दी झालीय तिला," तो म्हणाला. "ऐकलंस ना, नाक चोंदलंय."

मी कॅसरोल गरम करायला ठेवला. सर्दी नव्हती ती. ते त्याला सांगून मी काय मिळवणार होते?