गुरुवारची साखर

घाटाखालच्या ज्या तालुक्याच्या गावी मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर होतो, तिथल्या छोट्या कारागृहाची आरोग्यसेवा म्हणजे आठवड्यातून एकदा मी, माझी बॅग आणि साखर तपासायचं यंत्र. कारागृह तहसील कचेरीच्या मागे होतं आणि तहसीलदारच त्याचे प्रमुख. सातबारा आणि कैदी दोन्ही त्यांच्या ताब्यात, आणि दोन्हींबाबत ते सारखेच निर्विकार. फेरीचा वार गुरुवार. तो कोणी ठरवला हे मी विचारलं नाही. सरकारी वार देवस्थानासारखा स्वयंभू असतो.

मी रुजू झालो तेव्हा बराकीत साठी उलटलेला एक भाजीपाला पिकवणारा शेतकरी होता. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावकीत मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि जामिनाची वाट बघत हा आत. मधुमेह जुना, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम. बुलढाण्याच्या सर्जनने सांगून ठेवलं होतं की जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. म्हाताऱ्याला कोर्टापेक्षा या निकालाची धास्ती जास्त होती. सरीतून चालायचं तर अंगठा लागतो, हे त्याने मला शिकवलं.

गंमत अशी की साखर दर वेळी उत्तम यायची. त्यामुळे माझ्या आधीच्या डॉक्टरांनी गोळी कमी केलेली. मीही तपासली, उत्तमच. जखम मात्र ओलीची ओली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी बुलढाण्याला होत असे. पण तिथे कैदी न्यायचा तर गाडी हवी, गार्ड हवा, आणि साखर चांगली असताना ती मागायची कशाला?

अशात एका गुरुवारी कारागृहात आरोग्य शिबिर झालं. मांडव, फलक, शाल, नारळ. प्रमुख पाहुण्यांनी कैद्यांना रोज सकाळी मोकळ्या हवेत लांब फिरायला जाण्याचा सल्ला दिला. कैद्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. पाहुणे गेल्यावर मी तपासायला बसलो आणि एक शिपाई प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवत फिरू लागला. मी म्हाताऱ्याला अडवणार, तोच त्याने स्वतःच हात मागे घेतला.

“घ्या ना बुढेबा, साहेबांच्या कार्यक्रमाचा हाये,” शिपाई म्हणाला.

“नाई बाप्पा.”

“शाब्बास काका, पथ्य पाळता,” मी म्हणालो.

“पथ्य कायचं साहेब? मले गुरवार हाये.”

“म्हणजे सकाळपासून काहीच खाल्लं नाही?”

“काईच नाई. सांजच्याले सोडतो.”

मागून एक पोरगेला कैदी बोलला, “गुरवारी बुढेबा महाराजायचे. बाकी दिवस माह्या वाटच्या पोळीवर बी डोळा राह्यते.”

“चूप बस बे! तुले कोन विचारून राह्यलं?”

आणखी कोणाचा गुरुवार आहे, असं मी विचारलं. अर्ध्या बराकीने हात वर केले. या माणसांची साखर आम्ही नेमकी उपासाच्या दिवशी मोजत होतो आणि समाधानाने परत जात होतो.

वार बदलायला मी तहसीलदारांकडे गेलो. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, शनिवार मारुतीचा, शुक्रवारी दुपारी काहींची नमाज, रविवार सरकारी सुट्टीचा. उरला बुधवार. तो आमच्या गावच्या बाजाराचा दिवस, म्हणजे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. पण देवांशी भांडण्यापेक्षा गर्दी परवडली. अर्जात ‘उपवासामुळे’ लिहिलं असतं तर भावनांचा प्रश्न निघाला असता, म्हणून ‘प्रशासकीय सोयीस्तव’ लिहिलं. या शब्दांना उलट प्रश्न विचारलेला मी तरी पाहिला नाही.

पहिल्याच बुधवारी यंत्राने जो आकडा दाखवला तो पाहून मीच हबकलो. म्हातारा रुसला.

“पाह्यलं? गुरवारी कशी मस्त येत होती. तुमीनच बिघडोली साहेब!”

औषध वाढवलं, इन्सुलिन सुरू केलं. गुरुवार सोडा असं मी म्हटलं नाही. तेवढी अक्कल मला होती. दोन बुधवार वाटाघाटी करून गुरुवारी सकाळी दूध आणि शेंगदाण्यांवर तह झाला, आणि त्या दिवसाचं औषध मी त्या मानाने कमी केलं. हळूहळू जखम कोरडी पडली, कडेने गुलाबी मांस दिसू लागलं. बुलढाण्याला नेल्यावर सर्जननी अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, “राहू द्या.” त्यांचा स्वर किंचित हिरमुसलेला वाटला, सर्जनच ते.

जामीन झाला तो नेमका बुधवार. मी फेरी संपवून बाहेर पडत होतो. म्हाताऱ्याने दारात बसून चपला घातल्या, उजवी जरा जपून, आणि उभा राहिला. शिपायाच्या तोंडून सवयीने गेलं, “या बुढेबा.”

“आता मी नाई येत बे,” म्हातारा म्हणाला. “तूच ये. वांगे घेऊन जाय.”

आणि बाजाराच्या गर्दीतून वाट काढत तो एसटी स्टँडकडे निघाला. माझा दवाखानाही त्याच वाटेवर. मी घाईत होतो, तरी त्याला गाठायला मला थोडं भरभर चालावं लागलं.