‘का’च्या मागे लागलेली इस्त्रीवाली

अतिथीगृहाच्या तळघरात इस्त्री करणाऱ्या बाईला सगळे ‘काकाबाई’ म्हणत. तिला लहानपणापासून ‘का?’ विचारायची खोडच होती. पाणी उकळलं, का? जिना चौदाच पायऱ्यांचा, का? नवरा हात जोडायचा, “बाई गं, एक तरी गोष्ट अशीच असू दे!”

एकदा जपानहून आलेल्या, केस पिकलेल्या इंजिनियर बाई कोट घेऊन खाली आल्या. कोट पुढे धरून म्हणाल्या, “ई देस का?”

हिला ऐकू आलं, ‘ही देऊ का?’ “द्या की!” म्हणत तिने कोट घेतला, वाफ मारली, कॉलर बसवली. दोघी हसून मोकळ्या झाल्या.

दुपारी तिने रिसेप्शनवरच्या नणंदेला कौतुकाने सांगितलं, “वन्सं, बाईंना मराठी काय छान येतं! लिंग तेवढं चुकतं.”

नणंद हसून हसून खुर्चीत आडवी झाली. “अहो वहिनी, ते जपानी होतं! ‘चालेल का’ म्हणत होत्या. प्रश्न विचारताना तेही शेवटी ‘का’ लावतात.”

“शेवटी? आपल्यासारखंच?” तिच्या अंगावर सरसरून काटा आला. खाली उशीचा अभ्रा करपला, त्याची बोलणी खाल्ली, पण डोक्यातून ‘का’ जाईना.

सुट्टीच्या दिवशी ती ग्रंथालयात जाऊन ठाण मांडू लागली. ग्रंथपाल जाडजूड कोश काढून द्यायचे. जपानीत ‘का’ म्हणजे डाससुद्धा! हिंदीत ‘का’ म्हणजे ‘चा’. प्राचीन इजिप्तमध्ये ‘का’ म्हणजे माणसातली जीवनशक्ती. हे वाचून ती एवढ्यांदा “अगंबाई!” म्हणाली की वाचनकक्षातल्या सगळ्या माना वळल्या. कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर तिने हे सगळं उतरवलं.

मग अतिथीगृहात उतरलेल्या भाषाशास्त्राच्या एका प्राध्यापकांना तिने गाठलंच. “म्हणजे आपण आणि जपानी एकाच घरचे ना?”

“नाही हो,” ते म्हणाले. “आपला ‘का’ संस्कृतातल्या प्रश्नार्थक शब्दांपासून आला. त्यांचा त्यांच्याच भाषेत घडला. नातं काही नाही. निव्वळ योगायोग.”

तिचा चेहरा पडला. दोन दिवस तिने एकदाही ‘का’ विचारलं नाही, नवरा घाबरला. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने ताट बाजूला सारलं. “अहो, ओळख ना पाळख, आणि तरी दोघांनी प्रश्नाच्या शेवटी तेच अक्षर नेऊन ठेवलं! नात्यातल्यांचं सारखं निघालं तर त्यात काय मोठंसं?”

ग्रंथपालांनी तिला वाचकांपुढे बोलायला उभं केलं. सुरुवातीला ती मान वर न करता चिठ्ठ्याच वाचत होती. पण डासापाशी आली तसा सगळा वाचनकक्ष हसला, आणि मग बाईंना कोण थांबवणार! ठरला होता अर्धा तास, बोलली सव्वा तास. नणंद पहिल्या रांगेत बसून शेजारणीला सांगत होती, “आमच्या वहिनी आहेत.”

सध्या तिने ‘ने’ धरलाय. आपल्यात ‘घेऊन जा’, झेक भाषेत ‘नाही’ आणि ग्रीकमध्ये चक्क ‘हो’! काल एक ग्रीक पाहुणे उतरलेत म्हणे. ओल्या चादरी तशाच टाकून ती जिना चढत सुटली आहे.